गोष्ट सांगणारीच खोटी निघाली तर?

बँकेतून निवृत्त झालेल्या, ६१ वर्षांच्या एका वाचक भगिनींचं हे पत्र सांगलीहून आलं आहे. पत्र सहा पानी आहे. त्याचा गाभा, शक्यतो त्यांच्याच शब्दांत, असा :

'यंदाच्या दिवाळीत सुनेनं मला एक पुस्तक दिलं. मुलाच्या लग्नाला दोन वर्षं झाली. साडी झाली, रक्तदाब मोजायचं यंत्र झालं, पण पुस्तक तिनं पहिल्यांदाच दिलं. एका गाजलेल्या इंग्रजी रहस्यकादंबरीचा तो अनुवाद. डोंगरातल्या एका घरात आजारी म्हाताऱ्याची देखभाल करणारी परिचारिका आपल्याला गोष्ट सांगते. तिची जुळी बहीण तिथे राहायला येते आणि एका रात्री म्हातारा मरतो. सगळा संशय बहिणीवर. शेवटच्या प्रकरणात डॉक्टरांचा अहवाल येतो आणि कळतं, की बहीण कधी नव्हतीच. या बाईचं मन दुभंगलेलं होतं, खून तिनंच केला. मला अगदी फसवल्यासारखं झालं. लहानपणापासून वाचनालयातून अर्नाळकर आणून वाचणारी मी. गोष्टीतले गुन्हेगार खोटं बोलायचे, पण गोष्ट सांगणाराच खोटं बोलेल हे कधी मनातही आलं नाही. मी मागे जाऊन पाहिलं. चौथ्या प्रकरणात शेजारीण दोघी बहिणींना ट्रेमधून दोन कप चहा आणून देते. बहीणच नव्हती तर दुसरा कप कुणाचा? (माझा थोरला भाऊ अशाच आजारात बरीच वर्षं होता, म्हणून मला जास्त लागलं असेल, ते असो.)

सकाळी सुनेचा फोन आला, "आई, कशी वाटली?" मी म्हटलं, "अगं, रात्री दोनपर्यंत जागून संपवली." ती इतकी खूश झाली, की त्याच लेखिकेची आणखी दोन पुस्तकं मागवली. आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात मी या कादंबरीवर बोलावं हेही तिनंच सुचवलं आणि ऐकायला ती पुण्याहून येणार आहे. कट्ट्यावरच्या एका मैत्रिणीला माझी तक्रार सांगितली, तर म्हणते, "तुला ती कळलीच नाही. याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात, यातच तर गंमत आहे." मला खरंच कळली नाही का? आणि आता खरं बोलू, की गप्प बसू?'

प्रिय ताई,

उत्तर लिहायच्या आधी मी ती कादंबरी मिळवून वाचली. तिचं नाव इथे देत नाही, कारण शेवट उघड केल्याशिवाय तिच्याबद्दल बोलताच येत नाही आणि ज्यांना ती वाचायची असेल त्यांचा आनंद घालवायचा नाही. पुढे मी ॲगाथा ख्रिस्तीच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' या कादंबरीचाही शेवट सांगणार आहे. ती शंभरीला आलेली असली, तरी ज्यांनी वाचली नसेल त्यांनी इथेच थांबावं आणि आधी ती वाचावी. मनापासून सांगते, माझं उत्तर कुठे पळून जात नाही.

पहिली शंभर पानं मला आवडली. म्हाताऱ्याचा श्वास मोजत रात्रभर बसलेली ती बाई, औषधांच्या वासानं जड झालेली खोली, पहाटे दरीतून वर येणारं धुकं, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. तुम्हालाही ते भिडलं असणार, त्याशिवाय माणूस दोनपर्यंत जागत नाही. तेव्हा रद्दी पुस्तक हातात पडल्याचा हा वैताग नव्हे. ज्याच्यावर विश्वास टाकला होता त्यानं शेवटी हात सोडला, ते दुःख आहे. त्याचं उत्तरही जरा सावकाशच द्यायला हवं.

तुमच्या पत्रात एक समज गृहीत धरलेला दिसतो, की गोष्ट सांगणाऱ्यानं खोटं बोलायचं नसतं आणि तो बोलला तर तो दगाच. तिकडे तुमच्या मैत्रिणीचा समज याच्या बरोबर उलट आहे. निवेदक अविश्वसनीय आहे म्हटलं, की लेखकाला सगळं माफ. मला हे दोन्ही पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते सांगायला ॲक्रॉइडसारखं दुसरं पुस्तक नाही.

ती कादंबरी १९२६ची. किंग्ज ॲबट नावाचं एक इंग्रजी खेडं, तिथले डॉक्टर शेपर्ड आपल्याला गोष्ट सांगतात. साधा, मध्यमवयीन, बहिणीबरोबर राहणारा माणूस. शेजारच्या घरात ख्रिस्तीचा नेहमीचा गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो निवृत्त होऊन भोपळ्याच्या जातीची फळभाजी लावत बसलेला. गावातला श्रीमंत गृहस्थ रॉजर ॲक्रॉइड आपल्याच अभ्यासिकेत सुऱ्यानं भोसकलेला सापडतो. पॉयरो तपास करतो, डॉक्टर त्याच्या बरोबर हिंडतात, टिपणं ठेवतात, आपण त्यांच्या खांद्यावरून पाहत राहतो. आणि शेवटी कळतं, की खून डॉक्टरांनीच केला आहे.

तुम्हाला झाला तसाच त्रास तेव्हाही पुष्कळांना झाला. पुस्तक आल्यावर ही फसवणूक की कसब, यावर वाद पेटला. १९२८मध्ये अमेरिकन रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाइन यांनी रहस्यकथेचे वीस नियम लिहिले. गुन्हेगार तपास करणाऱ्याला ज्या युक्त्यांनी चकवतो, त्यांपलीकडे वाचकाला मुद्दाम चकवायचं नाही, हा त्यांतला एक. पुढच्याच वर्षी रोनाल्ड नॉक्स यांनी दहा नियम दिले. नॉक्स रहस्यकथा लिहीत आणि कॅथलिक धर्मगुरूही होते, त्यामुळे ते नियम दहा आज्ञांसारखेच गाजले. गुप्तहेराच्या त्या भोळ्या मित्रानं, म्हणजे वॉटसननं, आपल्या मनात येणारा कुठलाही विचार वाचकापासून लपवता कामा नये, असं त्यांनी बजावलं. उलट बाजूनं इंग्रज रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स उभ्या राहिल्या. चतुराईनं गंडवलं गेल्याचा हा राग आहे, म्हणाल्या. सगळ्यांवर संशय घेणं हे वाचकाचंच काम. म्हणजे ताई, सांगलीत रात्री दोन वाजता तुमच्या मनात जो खटला उभा राहिला, तो शंभर वर्षं चालू आहे. त्यात तुम्ही एकट्या नाही आणि जुन्या वळणाच्या तर अजिबात नाही.

पण त्या खटल्यातला खरा पुरावा पुस्तकातच आहे. डॉक्टर शेपर्ड खुनाच्या रात्री ॲक्रॉइडच्या खोलीतून निघतात, तेव्हाचं त्यांचं लिखाण असं : ॲक्रॉइडच्या नावचं पत्र नऊला वीस मिनिटं कमी असताना आलं, नऊला दहा कमी असताना मी निघालो, पत्र तसंच न वाचलेलं होतं. दाराच्या मुठीवर हात ठेवून मी घुटमळलो, मागे वळून पाहिलं, काही करायचं राहिलं तर नाही ना. काही सुचलं नाही. पहिल्यांदा वाचताना आपण पुढच्या ओळीवर जातो. दुसऱ्यांदा वाचताना अंगावर काटा येतो. त्या दहा मिनिटांत माणूस मारला गेला आहे आणि 'करायचं काही राहिलं नाही ना' म्हणजे काय ते आता कळतं. पुढे प्रेत सापडल्यावर डॉक्टर लिहितात, की जे थोडंफार करण्यासारखं होतं ते मी केलं. डॉक्टरनं प्रेत तपासलं असेल, असं आपण समजतो. खरं तर त्यांनी पुरावा ठरणारं, आवाज टिपणारं यंत्र आपल्या बॅगेत टाकलेलं असतं आणि खुर्ची जागेवर सरकवलेली असते. शेवटच्या प्रकरणात डॉक्टर स्वतःच या वाक्यांकडे बोट दाखवतात, थोड्या अभिमानानं. सगळं खरंच लिहिलं होतं की, पहिल्या वाक्यापुढे फक्त फुल्यांची एक ओळ टाकली असती, तर कुणाच्या तरी मनात त्या मोकळ्या दहा मिनिटांविषयी शंका आली असती. ख्रिस्तीनंही आत्मचरित्रात हेच म्हटलं आहे : शेपर्डला खरंच लिहिण्यात आनंद होता, फक्त सगळं खरं नाही.

आपल्याकडे याला आधीपासून शब्द आहे. नरो वा कुंजरो वा. अश्वत्थामा मेला हे खरंच होतं, हत्ती की माणूस ते धर्मराजानं हळूच म्हटलं. वाक्य खोटं नव्हतं, तरी त्याचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा तो खाली टेकला. महाभारत सांगणाऱ्यानं ते अर्धसत्य आपल्यापासून लपवलं नाही, म्हणून आपण युधिष्ठिराकडून दुखावतो आणि महाभारतावर मात्र विश्वास ठेवतो. सांगायचं आहे ते हेच. गोष्टीतला माणूस खोटा असू शकतो, अर्धवट असू शकतो, स्वतःलाच फसवणारा असू शकतो. त्याच्या मागे उभ्या असलेल्या लेखकानं मात्र आपल्याशी इमान राखायचं असतं.

आणि ते राखलं की नाही, हे तपासायची पद्धत तुम्ही कुणी न सांगता वापरलीत. मागे गेलात. दुसरा कप शोधलात.

मीही त्या कपापाशी बराच वेळ थांबले. तुमची मैत्रीण म्हणेल, शेजारीणही त्या बाईच्या आजारी डोळ्यांनीच दिसते आहे, तेव्हा कपही भासच असेल. असं म्हणता येतं, आणि हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. भासाचा कप असता तर लेखिकेला फार सुंदर काही करता आलं असतं. दुसऱ्या कपातला चहा कुणी प्यायलाच नाही, साय धरून तसाच राहिला, एवढं एक वाक्य पुरलं असतं. शेजारणीनं चमकून पाहिलं असतं. घरात टूथब्रश एकच असता. आपण ते वाचून पुढे गेलो असतो आणि शेवट कळल्यावर धावत मागे आलो असतो, दाराच्या मुठीवरच्या त्या हातासारखे. पण तिथे शेजारीण बहिणीशी बोलते, बहीण उत्तर देते, दोघी हसतात, आणि सातव्या प्रकरणात तीच शेजारीण बहिणीनं विसरलेला स्वेटर परत आणून देते. मी दोनदा पाहिलं, कुठेही एक धागा सुटा ठेवलेला नाही. मग अकरा पानांचा वैद्यकीय अहवाल येऊन सांगतो, की हे सगळं नव्हतंच. ज्या घरात कुठलीही वस्तू खरी नसू शकते, तिथे कुठलीच वस्तू खूण ठरत नाही. वाचकानं लक्ष द्यायचं तरी कशाकडे? म्हणून माझं मत तुमच्या बाजूनं आहे. निवेदिका खोटी निघाली, ही त्या पुस्तकाची उणीव नव्हेच. तिच्या खोटेपणातून आपल्याला वाट काढता येईल असं एकही पाऊल लेखिकेनं ठेवलं नाही आणि शेवटी दिवा लावायला बाहेरून डॉक्टर बोलावला. उणीव ही.

प्रत्येक गोष्टीनं शेवटी सत्य हाती द्यावं, असा मात्र हट्ट नको. जपानी लेखक अकुतागावा यांची १९२२ची एक छोटी कथा आहे, बांबूच्या बनात मेलेल्या एका सामुराईची. दरोडेखोर, बायको आणि मृतात्म्याला बोलावणाऱ्या बाईच्या तोंडून बोलणारा खुद्द मेलेला माणूस, तिघंही वेगळं सांगतात आणि प्रत्येक जण ते कृत्य आपल्याच हातून झाल्याचं म्हणतो. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा १९५०चा 'राशोमोन' हा चित्रपट याच कथेवर उभा आहे. तिथे खरं काय ते शेवटपर्यंत कळत नाही आणि तरी फसवल्याची भावना येत नाही, कारण उत्तर देण्याचं वचन त्या कथेनं कधी दिलंच नव्हतं. तुमच्या कादंबरीनं मात्र पहिल्या पानापासून 'कुणी मारलं?' हेच विचारलं होतं.

आता 'तुला ती कळलीच नाही' याविषयी. या वाक्यानं तुम्हाला किती लागलं आहे ते पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत दिसतं. निवेदकाविषयीची ती संज्ञा वेन बूथ या अमेरिकन समीक्षकानं १९६१मध्ये रूढ केली. तिच्याआधी कितीतरी वर्षं लोक अशा गोष्टी लिहीत होते आणि वाचकांना त्या नावाशिवाय कळत होत्या. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोच्या १८४३च्या एका कथेतला खुनी पहिल्याच ओळीपासून आपण वेडे नाही हे पटवायला धडपडतो आणि ते ऐकूनच आपण सावध होतो. नाव ठाऊक असणं आणि वस्तू ओळखता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिवाय 'अविश्वसनीय' हा मराठी शब्द मला इथे अडचणीचा वाटतो. अविश्वसनीय पाऊस, अविश्वसनीय खेळी असं आपण कौतुकानंही म्हणतो. 'बेभरवशाचा निवेदक' म्हणा, म्हणजे प्रश्न सरळ होतो, की भरवसा कुठे तुटतो आणि तो तुटताना मला दिसावा अशी सोय लेखकानं केली आहे का? तुम्हाला पुस्तक कळलं होतं, ताई. ज्या वाचकाला दुसरा कप आठवतो, त्याला पुस्तक कळलेलं असतं.

आणि आता कंसाबद्दल.

सहा पानांच्या पत्रात तुम्ही थोरल्या भावाला एका ओळीची जागा दिली आहे, तीही कंसात, आणि पुढे लगेच 'ते असो' म्हणून दार लावलं आहे. मी ते पत्र चार वेळा वाचलं. दर वेळी मला तिथेच घुटमळल्यासारखं झालं. ती ओळ वाचल्यावर मला वाटतं, रात्री दोन वाजता तुम्हाला जे लागलं त्यात कपाचा वाटा थोडा होता. ज्या आजाराजवळ तुम्ही अनेक वर्षं राहिलात, ज्याच्या गोळ्यांच्या वेळा तुम्हाला पाठ असतील, त्या आजाराला कुणीतरी शेवटच्या अकरा पानांत चावीसारखं वापरलं. बाई विचित्र का वागत होती? मनोरुग्ण होती. खून का केला? मनोरुग्ण होती. प्रश्न मिटला. याचा मलाही राग आला, आणि हा राग रहस्यकथेचे नियम मोडल्याच्या रागापेक्षा मोठा आहे.

मनाच्या गंभीर आजारात माणसाला भास होतात, नसलेले आवाज ऐकू येतात हे खरं आहे. पण स्किझोफ्रेनियाला आपल्याकडे 'दुभंगलेलं मन' म्हटल्यामुळे एका माणसात दोन माणसं राहतात असा जो समज पसरला, तो चुकीचा आहे. आणि असे आजार असलेली बहुसंख्य माणसं कधी कुणावर हात उगारत नाहीत, उलट त्यांनाच मार, फसवणूक आणि हेटाळणी सोसावी लागण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तुम्हाला हे मी सांगायला नको, तुम्ही ते घरात पाहिलं आहे. पण हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनी वाचावं म्हणून लिहिते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४चा 'देवराई' हा चित्रपट तुम्ही पाहिला असेल, नसेल तर मनाची तयारी करून पाहा. अतुल कुलकर्णींनी साकारलेला शेष आणि त्याला सांभाळणारी बहीण. तिथेही खरं काय आणि भास काय हे सरमिसळतं, पण पाहणाऱ्याला धक्का द्यायला नव्हे. त्या माणसाच्या आत काय चाललं असेल, ते त्याच्या शेजारी बसून आपल्यालाही जाणवावं म्हणून.

तुम्ही लिहिलं आहे, 'म्हणून मला जास्त लागलं असेल'. जणू काही ते लागणं म्हणजे तुमच्या मतातला दोष आहे, वजनकाट्यावर चुकून राहिलेला अंगठा आहे. मला उलट वाटतं. ज्यांना तो आजार ठाऊक आहे त्यांना त्या पुस्तकात काय खोटं आहे हे आधी दिसणारच. गावाकडच्या माणसाला चुकीचा लिहिलेला नांगर दिसतो, तसं. तुमच्याकडे जास्त माहिती होती, कमी समज नव्हे.

आता सूनबाई. तुम्ही विचारता, खरं बोलू की गप्प बसू. यातही एक गृहीत आहे, की खरं बोलणं म्हणजे 'मला आवडली नाही' असं सांगणं आणि तसं सांगितलं की तिनं दिलेलं परत केल्यासारखं होणार. थोडा विचार करा. तिला तुमच्याकडून काय हवं होतं? साडी दिली तेव्हा ती तुम्हाला शोभावी एवढं तिला पुरलं. पुस्तक देणारं माणूस वेगळं मागतं. मी ज्या घरात रात्रभर होते त्या घरात तुम्हीही या, असं ते बोलावणं असतं. तुम्ही गेलात. भिंती ठोकून पाहिल्यात, कप मोजलेत. हे ऐकायला मिळणं हा देणाऱ्याचा केवढा मान आहे!

'रात्री दोनपर्यंत जागून संपवली' हे तुमचं वाक्य शब्दशः खरं होतं. त्यानंतरच्या पाच मिनिटांबद्दल तुम्ही बोलला नाहीत. याचं मनाला लावून घेऊ नका. सासू-सुनेच्या नात्यात पहिली काही वर्षं आपण सगळेच बरंचसं खरं आणि थोडंसं राखून बोलतो, नातं नवं असताना ती रीतच असते. पण ती दोन नवी पुस्तकं यायच्या आत ते राहिलेलं सांगून टाका, कारण अशी वाक्यं एकावर एक रचत गेलं की नंतर मागे येणं जड जातं. आणि ते वाचनकट्ट्यावर नको. लोकांसमोर तिला पहिल्यांदा कळलं तर ती दुखावेल, तेही रास्त कारणानं. रविवारी निवांत फोन करा. माझी सूचना अशी, की निर्णयापासून सुरुवात करू नका, प्रश्नापासून करा : 'अगं, तुला पहिल्यांदा संशय कुठल्या पानावर आला?' कदाचित ती म्हणेल, शेवटपर्यंत आलाच नाही, म्हणून तर मजा आली. मग तुम्ही तिला कप दाखवा. कदाचित तिला तुम्हाला न दिसलेली एखादी खूण दिसली असेल आणि मी आणि तुम्ही दोघीही चुकलो असू. तसं असेल तर मला जरूर कळवा, मला मनापासून आवडेल.

भावाविषयी तिला किती ठाऊक आहे, हे पत्रात नाही. सांगावं की नाही हे सर्वस्वी तुमचं आहे. भाऊ हयात असतील तर त्यांचंही आहे. पुस्तक न आवडल्याचं कारण म्हणून ते सांगायची सक्ती स्वतःवर करू नका, कप पुरेसा आहे. पण मला एक शक्यता दिसते. या कुटुंबात येऊन तिला दोन वर्षं झाली. घरातल्या ज्या माणसाबद्दल सगळे हलक्या आवाजात बोलतात, तो तिच्या लक्षात आलाच असेल आणि विचारावं कसं हे तिला कळत नसेल. आजारी माणूस गोष्टीत कसा दाखवला, यावर बोलता बोलता भावाचं नाव तुमच्या तोंडी आपसूक आलं, तर येऊ द्या. नाही आलं तरी काही बिघडत नाही.

कट्ट्यावरच्या बोलण्याची धास्ती बाळगू नका. 'छान' की 'वाईट' हा निकाल द्यायला तुम्हाला बोलावलेलं नाही. आधी त्या शंभर पानांचं मोकळ्या मनानं कौतुक करा, एखादा उतारा वाचून दाखवा, म्हणजे अनुवादकाचंही श्रेय त्यांना मिळेल. मग ॲक्रॉइडमधला दाराच्या मुठीचा प्रसंग वाचा. (कोणी वाचलं नसेल तर त्यांना आठवडाभर आधी कळवा, ते राहू देऊ नका.) त्याच्या शेजारी चौथं प्रकरण ठेवा आणि सभेलाच विचारा, दुसरा कप कुणाचा? तुम्ही गप्प बसा. अर्धा तास कसा गेला ते कळणार नाही. मैत्रिणीलाही बोलू द्या. तिची बाजू मांडणारं कुणी नसेल तर चर्चा एकतर्फी होईल, आणि ती बाजू अगदीच कच्ची नाही.

अशीच पत्रं लिहिणाऱ्या इतरांसाठी दोन-तीन गोष्टी. रहस्यकादंबरीनं निराश केलं तर लगेच कपाटात ढकलू नका. पहिली तीन प्रकरणं पुन्हा वाचा, हातात पेन्सिल घेऊन. शेवट ठाऊक असताना ती वाक्यं अधिक उजळली तर लेखकानं आपलं काम केलं आहे, तुम्हाला शेवट आवडो न आवडो. ती वाक्यं विझली, नुसती खोटी वाटली, तर तुमची तक्रार खरी आहे आणि आता तुमच्याकडे पान क्रमांकही आहे. निवेदक खोटं का बोलतो हेही पाहा. तो स्वतःला वाचवायला बोलतो, स्वतःला न पाहवणारं टाळायला बोलतो, की फक्त लेखकाला शेवटी धक्का द्यायचा आहे म्हणून बोलतो? या तिसऱ्या प्रकारात माणूस नसतो, नुसती कळ असते.

आणि न आवडलेलं पुस्तक पुरं करायलाच हवं, असा कुठलाही नियम नाही. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालबाईंनी एक हिशेब दिला आहे : पन्नास पानं वाचून पाहा, नाही रमलं तर सोडा. वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा आणि तेवढीच पानं द्या. ताई, तुमच्या वाट्याला ३९ येतात. सुनेनं मागवलेल्या त्या दोन पुस्तकांना तेवढी जरूर द्या. लेखिकेला घर उभं करता येतं, हे आपण दोघींनी पाहिलं आहे. पुढच्या पुस्तकात ती राहणाऱ्यांशीही इमान राखेल, अशी आशा मला खरोखरच आहे.

चाळिसाव्या पानावर काय झालं ते सूनबाईंना सांगा. मग वेळ मिळाला तर मलाही.

तुमची,
सदरलेखिका